तुर्भ्याची क्षेपणभूमी इथवर कशी आली

तुर्भ्याच्या क्षेपणभूमीला, म्हणजे शहराचा कचरा टाकून झाकण्याच्या जागेला, लागून आणखी जमीन हवी, ही नवी मुंबई महापालिकेची मागणी आजची नाही. तो विषय निघाला की रामनगर, तुर्भे स्टोअर, पावण्याकडची माणसं एकच विचारतात: वास जाणार का? त्यावर उत्तर मिळतं, ‘शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट लावू.’ या शास्त्रोक्त पद्धतीत काय काय येतं, हे कळल्याशिवाय विस्ताराला हो म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये, असं मला वाटतं.

१९७० साली नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. त्या गावांत कचरा म्हणजे उकिरडा. शेण, राख, भाजीचे देठ, तूस असं सगळं त्यात पडायचं आणि पावसाच्या आधी खत होऊन शेतावर जायचं. शेती गेली तसा उकिरडाही गेला. सेक्टर उभे राहिले, माणसं वाढली, प्लास्टिक आलं आणि कचरा खाडीकडच्या सखल भागात पडू लागला. १९९२ मध्ये महापालिका अस्तित्वात आली तेव्हा देशात घरगुती कचऱ्यासाठी स्वतंत्र नियमावलीच नव्हती. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यातून २००० सालचे घनकचरा नियम आले. त्याआधी शहरांची रीत एकच होती, खड्डा दिसेल तिथे ओता.

कोपरखैरण्याची जुनी कचराभूमी त्याच काळातली. ती पुढे मातीचे थर देऊन बंद केली गेली आणि आज तिथे निसर्ग उद्यान आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, तो इथे खरोखर फिटला. या शहराला कचराभूमी नीट बंद करता येते, याचा हा पुरावा आहे. विस्ताराच्या चर्चेत त्याची आठवण व्हायलाच हवी.

त्यानंतर शहराचा कचरा तुर्भ्याला जाऊ लागला. पारसिकच्या डोंगररांगेकडची बाजू, शेजारी एमआयडीसी. इथली रचना ‘सेल’ची, म्हणजे एक कप्पा भरला की झाकायचा आणि दुसरा उघडायचा. कागदावर ही रचना भक्कम आहे. तळाला ९० सेंटिमीटर दाबून बसवलेली चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर, आणि मातीच्या तळापासून भूजल किमान दोन मीटर खाली. अस्तराच्या दोन पट्ट्या जोडताना यंत्र गरम पात्याने दोन समांतर शिवणी घालतं आणि मध्ये बारीक पोकळी ठेवतं. त्या पोकळीत हवा भरून दाब उतरतो का ते पाहतात. उतरला, तर शिवण कुठेतरी उघडी आहे. एकदा वर कचरा पडला की ती शिवण पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून मला वाटतं, परिसरातल्या लोकांनी सेल भरण्याआधी तिथे जाऊन ही चाचणी डोळ्यांनी पाहावी. तो हट्ट रास्त आहे.

पण आपल्याकडे खरी परीक्षा घेतो तो पाऊस. या पट्ट्यात चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पडतो. डोंगराचं पाणी उताराने येतं, उघड्या कचऱ्यातून झिरपतं आणि काळं, आंबूस, तेलकट तवंगाचं होऊन बाहेर निघतं. हेच लीचेट. नाल्यात उतरलं की त्याची वाट ठाणे खाडीची. याच खाडीच्या पट्ट्याला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नियमांना हा धोका ठाऊक आहे. रोजच्या कचऱ्यावर संध्याकाळी किमान १० सेंटिमीटर माती, पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटिमीटरचा दाबलेला थर, आणि डोंगराचं पाणी चालू सेलपासून दूर वळवणारे चर, एवढं सगळं त्यात लिहिलेलं आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात हा थर पडलेला असतो का, यावर परिसराचे पुढचे चार महिने ठरतात.

अंतराचा मुद्दा वेगळाच अवघड आहे. २००० च्या नियमांच्या जागी आलेल्या २०१६ च्या नियमांत क्षेपणभूमीने वस्ती आणि महामार्गापासून २०० मीटर, नदीपासून १०० मीटर आणि विमानतळापासून २० किलोमीटर लांब राहायचं, असं होतं. विशेष बाब म्हणून १० ते २० किलोमीटरमध्ये ना हरकत घेऊन परवानगी मिळू शकत होती. कचऱ्यावर घारी-कावळे घिरट्या घालतात, म्हणून ही अट. आता नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आहे आणि तुर्भे त्या २० किलोमीटरच्या आतच आहे.

ठाण्याची तऱ्हा आणखी वाईट. १९८२ पासून महापालिका आहे, पण स्वतःची धड क्षेपणभूमी नाही. दिवा गावात वर्षानुवर्षं कचरा पडला, लोकलमधल्या प्रवाशांनीही तो धूर आणि वास सोसला. २०२३ मध्ये दिवा गावातली कचराभूमी बंद झाली, कचरा भंडार्लीला गेला आणि तिथल्या गावकऱ्यांचा विरोध झाला. मग डायघर, मग भिवंडी तालुक्यातलं आतकोली. एका गावाचा त्रास दुसऱ्या गावाच्या दारात, इतकंच झालं.

नवी मुंबईचा रोजचा कचरा सातशे टनांच्या आसपास. नियम सांगतात की क्षेपणभूमीत फक्त उरलासुरला, न कुजणारा, न जळणारा, पुन्हा वापरता न येणारा भाग जावा. ओला कचरा गेला नाही तर लीचेट कमी, कुजण्यातून निघणारा आणि पेट घेणारा मिथेन वायू कमी, आगही कमी. वाशीसमोर खाडीपलीकडे देवनार २०१६ मध्ये किती दिवस धुमसत होतं, ते आठवून पाहा. म्हणून किती एकर मिळणार, यापेक्षा वर्गीकरणानंतर रोज किती टन तिथे पोचतो, हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. जागा २०-२५ वर्षं पुरावी अशी अपेक्षा आहे, आणि ती त्याच आकड्यावर अवलंबून आहे.

जनसुनावणी झाली तर हरकतीत एक मागणी नक्की लिहावी. क्षेपणभूमीच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासणं नियमातच आहे. ते तिन्ही अहवाल मराठीत, तारखेसह, रामनगरच्या फलकावर लावावेत.