पाटा वाढवायची जुनी खोड

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकच्या पाट्यांची, म्हणजे भार पेलणाऱ्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगची, कामं तिथं ओघानंच आली. बाजारातलं सस्पेन्शन बसवून गाडीची उंची बदलणं आज जीपवाल्या हौशी पोरांचा विषय झालाय. खान्देशात मात्र त्याचं मूळ हौशीत नाही, मालाच्या भरतीत आहे.

१९५४ साली टाटा-मर्सिडीज-बेंझचे ट्रक जमशेदपूरहून निघू लागले. खाली पोलादी पाट्यांची चळत, म्हणजे घोडागाडीपासून चालत आलेलीच कमान. रावेर-यावलची केळी, जिनिंगच्या गाठी, गिरणेची वाळू. पासिंगपेक्षा, म्हणजे कागदोपत्री मंजूर वजनापेक्षा, जास्त भरलं की गाडी मागून बसणारच. मग एक पाटा वाढवा, नाहीतर पाटे खोलून ऐरणीवर घणानं पुन्हा बाक द्या. या दोन्हींत फरक आहे. बाक दिल्यानं गेलेली उंची परत येते, ताकद तेवढीच राहते. पाटा वाढवला की उंचीबरोबर कडकपणाही वाढतो आणि रिकामी गाडी खड्ड्यात उडते. भट्टीत लाल करून वाकवलेल्या पाट्याचं पाणीच, म्हणजे पोलादाचा ताठरपणाच, उतरतं, तो लवकर बसतो.

खरी गोम ब्रेकमध्ये आहे. बऱ्याच ट्रकांत मागच्या ब्रेकला किती हवा द्यायची हे एक व्हॉल्व्ह चासी (गाडीचा सांगाडा) आणि ॲक्सल (चाकांचा आस) यांच्यातल्या अंतरावरून ठरवतो. पाटे घालून चासी उचलली की भरलेली गाडी त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक हलका लागतो. लळिंग किंवा कोंडाईबारी घाटाच्या उतारावर हे महागात पडतं. पाटा घालणाऱ्यानं त्या व्हॉल्व्हची दांडीही नव्यानं लावायला हवी, पण गिऱ्हाईकाची नजर असते टायर आणि मडगार्डमधल्या वीतभर जागेवर.

जमशेदपूरचे ट्रक निघाले त्याच वर्षी अमेरिकेत ग्रेहाउंडची सीनिक्रूझर बस हवेच्या सस्पेन्शनवर धावू लागली. आपल्याकडे २००१ मध्ये व्होल्वोच्या बस आल्या, रात्रीच्या ट्रॅव्हल्स बदलल्या आणि मिस्त्रींच्या हाती बलून, म्हणजे पाट्यांच्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या, आले. इथं हिशेब उलटा. वजनानं चासी दबली की व्हॉल्व्ह बलूनमध्ये हवा भरतो, वर गेली की सोडतो. दाब बदलतो, उंची ठरलेली राहते. म्हणून उंची लावायची ती व्हॉल्व्हच्या दांडीवर. गाडी सपाट जागी, टाकीत हवा पूर्ण, आणि माप चासीच्या तळापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत. माप चुकलं की मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, त्याच्या सांध्यातले क्रॉस झिजतात आणि गाडी थरथरते.

२०१८ मध्ये केंद्रानं दोन ॲक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर नेलं. जास्तीची भरती थोडीफार कायद्यातच बसली म्हणा. पुढच्या वर्षी ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर दर जादा टनामागे २,००० झाला. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत. पाटा वाढवून पासिंग वाढत नाही, हे तरी आता मान्य व्हावं.

शिवाय नव्या ट्रकांखाली पॅराबोलिक पाटे येतात: मोजकेच, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते, एकमेकांत फट ठेवून बसवलेले. त्यात जुन्या पद्धतीचा सारख्या जाडीचा पाटा घुसवला की तो शेजारच्याला घासतो, भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, आणि तुटतो तो बहुधा कंपनीचाच पाटा.