कार्बनचा वैयक्तिक कोटा गरिबांनाच बुडवतो का?

‘श्रीमंत पैसे टाकून हवा तेवढा कार्बन विकत घेतील, भरडला जाईल तो गरीब’ हा आक्षेप वैयक्तिक कार्बन कोट्याच्या प्रस्तावित योजनेवर, म्हणजे माणशी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाची मर्यादा ठरवून तिची खरेदी-विक्री होऊ देण्यावर, वर्षानुवर्षे घेतला जातो. त्यात एक प्रश्न निसटतो: विकणारा कोण?

या योजनेत प्रत्येक प्रौढाला समान कोटा फुकट मिळतो. वीज, गॅस, गाडीचं इंधन घेताना त्यातून वजावट होते. लिटरभर पेट्रोलमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. लहान घरात राहणाऱ्या, गाडी नसलेल्या माणसाचा कोटा बहुधा उरतो आणि तो विकून रोख पैसे मिळतात. ब्रिटनमध्ये २००८ साली सरकारसाठी झालेल्या अभ्यासात सर्वात कमी उत्पन्नाच्या ३० टक्के घरांपैकी ७१ टक्के घरं फायद्यात दिसली.

उरलेल्या २९ टक्क्यांकडे मात्र डोळेझाक नको. तिथल्या खेड्यातली, थंडीत तेल जाळून तापवली जाणारी, भिंती-छतातून ऊब गळणारी घरं इथे अडकतात: उत्पन्न कमी, इंधन जास्त. त्यांना जादा कोटा देणं सोपं, पण गळती तशीच राहते. आमच्या मते आधी छताला आणि भिंतींना उष्णतारोधक थर द्यावा, तोही सरकारी खर्चाने. मुलांना कोटा नसेल, तर एकट्या पालकाचं घरही तोट्यात जाऊ शकतं. म्हणून मुलांचा अंशतः वाटा सुरुवातीलाच ठरवायला हवा.