पुणे परिसरात गोल्फ खेळायचे आहे? पात्रता, कागदपत्रे आणि बुकिंगची पद्धत

दर उन्हाळ्यात एक तरी फोन येतोच. "मुलगा अमेरिकेहून येतोय, त्याला दोन दिवस गोल्फ खेळायचंय. आपल्याकडे पब्लिक कोर्स कुठला?" अमेरिकेत किंवा स्कॉटलंडमध्ये गावोगावी नगरपालिकेचे कोर्स असतात, पैसे भरायचे, नाव लिहायचे आणि खेळायला लागायचे. आपल्या देशात अशी मैदाने मोजकीच. दिल्लीत डीडीएने (दिल्ली विकास प्राधिकरणाने) २००० साली सुरू केलेला कुतुब गोल्फ कोर्स हा पहिला सार्वजनिक कोर्स मानला जातो. आपल्या बाजूला सिडकोने खारघरला एक उभारला. पुणे महापालिकेचे पोहण्याचे तलाव आहेत, क्रीडासंकुले आहेत, उद्याने तर भरपूर आहेत. गोल्फ कोर्स मात्र नाही.

त्यामुळे पुण्यात "कुठला कोर्स चांगला?" हे नंतर विचारावे. आधी पाहावे की आपल्याजवळच्या कागदांवर कुठल्या कोर्सचे दार उघडेल. हा क्रम उलटा झाला की काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एप्रिलमधला रविवार होता, सकाळचे सहा वाजत आले होते. चिंचवडहून चौघे जण एका गाडीतून आले होते. डिकीत दोन कोऱ्या बॅगा, चौघांच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवसाचा आनंद. काउंटरवरच्या माणसाने शांतपणे विचारले, "साहेब, हँडिकॅप कार्ड? आणि टी-टाइमचं कन्फर्मेशन?" म्हणजे खेळाच्या पातळीचा दाखला आणि खेळ सुरू करायची आधी ठरवून घेतलेली वेळ. एकाने मोबाइलवर क्रेडिट कार्ड कंपनीचा ईमेल दाखवला, त्यात 'मोफत गोल्फ'ची सवलत होती. पण ते कूपन कंपनीमार्फत तीन दिवस आधी नोंदवायचे होते, ही ओळ खाली बारीक अक्षरात होती. चौघांपैकी एक जीन्समध्ये होता. शेवटी त्यांनी ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे नुसत्या फटक्यांच्या सरावाच्या जागेवर, दोन बादल्या बॉल मारले आणि घरी गेले. काउंटरवरच्या माणसाचे काही चुकले नव्हते, आणि त्या चौघांना हे आधी कुणी सांगितलेलेच नव्हते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कुठले दार कुणासाठी

येरवड्याचे पूना क्लबचे गोल्फ मैदान शहरातच आहे. विमानतळाच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला गोल्फ क्लब चौक माहीत असतोच. १८ होल (होल म्हणजे बॉल ज्यात घालायचा तो खळगा आणि तिथवरचा टप्पा), झाडांच्या रांगांमधून जाणारे फेअरवे म्हणजे कापलेल्या गवताचे पट्टे, आणि डोक्यावरून लोहगावला उतरणारी विमाने. हा सभासदांचा क्लब आहे. बाहेरच्या माणसाने इथे यायचे ते सभासदाचा पाहुणा म्हणून किंवा आपल्या क्लबाचा त्यांच्याशी परस्पर करार असेल तर त्या क्लबाचे पत्र घेऊन.

दुसरे मैदान बावधनच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावरचे ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट. हेही १८ होलचे. नावाप्रमाणे हे रिसॉर्ट आहे, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या खेळाडूला विचारपूस करायला पहिला फोन इथे करणे सोयीचे. फोन केल्यावर तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: पाहुण्याला कुठल्या दिवशी खेळू देतात, हँडिकॅपची अट काय, आणि मुक्काम केला तर नियम बदलतात का.

तिसरे दार लष्कराचे. खडकवासल्याची एनडीए, दापोडीचे सीएमई (लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय) अशा संस्थांच्या आवारात गोल्फ कोर्स आहेत आणि पुण्यात निवृत्त अधिकारी घरोघरी आहेत, त्यामुळे "आमचे काका नेतील" हे वाक्य नेहमी ऐकू येते. काका नेऊ शकतात, पण ओळखपत्र काकांचे आणि जबाबदारीही काकांचीच. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण अडचण नेमकी इथेच येते: अमेरिकेहून आलेल्या मुलाकडे परदेशी पासपोर्ट असेल, ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचे) कार्ड असले तरीही, त्याला आगाऊ परवानगीशिवाय लष्करी हद्दीत नेता येत नाही. गेटवर जाऊन विनंती करण्यात अर्थ नसतो. पहाऱ्यावरचा जवान त्याचे काम करत असतो.

आणि चौथे दार खारघरचे. द्रुतगती महामार्गाने दोन-अडीच तास लागतात. सुरुवातीला ११ होलचे असलेले हे मैदान सिडकोने सर्वसामान्यांसाठी म्हणून काढले. ज्याची कुठल्याच क्लबात ओळख नाही, त्याने पहाटे निघून एकदा तिथे जाऊन यावे असे माझे प्रामाणिक मत आहे.

हँडिकॅप म्हणजे काय आणि तो कसा काढायचा

बहुतेकांचे काम इथेच अडते, म्हणून थोडे थांबून सांगतो. हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा. आकडा जितका लहान, तितका खेळाडू चांगला. २०२० पासून जगभर एकच पद्धत आली, वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम, आणि आपल्याकडे ती इंडियन गोल्फ युनियन या १९५५ साली स्थापन झालेल्या शिखर संस्थेमार्फत चालते. कमाल हँडिकॅप इंडेक्स ५४.०, स्त्री असो वा पुरुष, मर्यादा तीच.

पहिला इंडेक्स मिळवायला एकूण ५४ होलची स्कोअरकार्डे लागतात. १८ होलचे तीन राउंड करा किंवा ९ होलचे सहा, दोन्ही चालते. अट अशी, की मैदानाचे अधिकृत रेटिंग झालेले हवे, खेळ नियमाने झालेला हवा आणि कार्डावर तुमच्यासोबत तुमच्या मार्करची, म्हणजे सोबत खेळून तुमचे फटके मोजणाऱ्याची, खूण हवी. एकट्याने खेळून घरी भरलेले कार्ड धरत नाहीत. पहिल्या तीन कार्डांतला सर्वांत चांगला आकडा घेऊन त्यातून २ वजा करतात. समजा मैदानाच्या अवघडपणाचा हिशेब करून तुमचे तीन आकडे ४१, ३८ आणि ३६.५ आले, तर तुमचा पहिला इंडेक्स ३४.५. पुढे कार्डे वाढत गेली की शेवटच्या २० पैकी उत्तम ८ ची सरासरी धरतात.

इंडेक्स तुमच्यासोबत फिरतो, पण मैदान बदलले की त्याचे रूप बदलते. प्रत्येक कोर्सला स्लोप रेटिंग, म्हणजे साधारण खेळाडूला तो किती अवघड जातो हे सांगणारा आकडा, असते, ५५ ते १५५ च्या दरम्यान. ११३ हे मध्यम. तुमचा इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, आणि त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे लागतील असे धरलेले फटके) उणे पार (मैदानासाठी ठरवलेले प्रमाण फटके). उदाहरणार्थ इंडेक्स २८, स्लोप १२५, कोर्स रेटिंग ७१, पार ७२ असे धरले तर उत्तर ३० येते. म्हणजे त्या मैदानावर त्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून) तुम्हाला ३० फटक्यांची सवलत. हा तक्ता पहिल्या टीजवळ किंवा स्टार्टरच्या, म्हणजे खेळाडूंना क्रमाने मैदानावर सोडणाऱ्याच्या, खोलीत लावलेला असतो. गणित करायची गरज नाही, वाचता आले की पुरे.

हँडिकॅप क्लबमार्फतच मिळतो, म्हणून कुठल्या ना कुठल्या संलग्न क्लबाचे सभासदत्व लागते. आयुष्यभराचे सभासदत्व महाग असते आणि त्यासाठी प्रतीक्षा यादीही असते. नवख्याने आधी क्लबाच्या अकादमीत किंवा ड्रायव्हिंग रेंजवर प्रशिक्षकाकडे नाव घालावे, आणि क्लब मुदतीची खेळाडू-सभासदत्वे देतो का हे विचारावे. अनेक क्लब नवख्याला मैदानावर सोडण्याआधी नियमांची तोंडी परीक्षा घेतात आणि प्रशिक्षकाचा शेरा मागतात. त्याचा राग मानू नका. समोर माणसे असताना मारलेला फटका जीवघेणा ठरू शकतो.

कागदपत्रे

पाहुणा म्हणून एका दिवसासाठी जाताना फोटो असलेले ओळखपत्र, हँडिकॅपचा पुरावा (ॲपवरचा किंवा क्लबाने दिलेला), बुकिंगचा मेसेज आणि ज्यांच्यामार्फत जाताय त्या सभासदाचे नाव व सभासद क्रमांक एवढे लागते. सभासद स्वतः सोबत नसेल तर त्याचे पत्र किंवा त्याच्या नोंदणीकृत ईमेलवरून क्लबाला गेलेला निरोप लागतो. व्हॉट्सॲपवरचा स्क्रीनशॉट काउंटरवर टिकत नाही. परस्पर कराराने जाणार असाल तर आपल्या क्लबाच्या सचिवाच्या सहीचे परिचयपत्र आठवडाभर आधी काढून ठेवा. आधारची झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधार द्या. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येते आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

लष्करी मैदानासाठी सेवेतल्या अधिकाऱ्याचे ओळखपत्र, निवृत्ताचे माजी सैनिक ओळखपत्र, कुटुंबीयांसाठी आश्रित कार्ड. गाडीचा नंबरही आधी कळवावा लागतो.

सभासदत्वाच्या अर्जाला जास्त तयारी लागते. छापील अर्ज, फोटो, पॅन, पत्त्याचा पुरावा, व्यवसायाची माहिती, आणि मुख्य म्हणजे एक सुचवणारा व एक अनुमोदक, दोघेही त्याच क्लबाचे जुने सभासद. सहीपुरती ओळख काढून आणलेले सूचक समितीपुढे उघडे पडतात, कारण समिती त्यांनाच विचारते, "तुम्ही यांना किती वर्षे ओळखता?" अर्ज नोटीस बोर्डावर लागतो, हरकती येतात का ते पाहिले जाते, मग मुलाखत. प्रवेश शुल्क, वार्षिक वर्गणी, त्यावरचा जीएसटी आणि सभासदत्व सोडताना काय परत मिळते, हे चारही आकडे लेखी मागून घ्या.

मुलांसाठी जन्मदाखला, शाळेचे बोनाफाइड आणि पालकांचे संमतिपत्र. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला तेव्हापासून पालक मुलांना घेऊन रेंजवर येऊ लागले, मला त्याचा फार आनंद आहे. मुलांचे प्रशिक्षणाचे शुल्क वेगळे असते आणि पूर्ण किट लगेच घ्यायची गरज नसते. मुलाच्या उंचीच्या तीन काठ्या सहा महिने पुरतात.

बुकिंग आणि त्या दिवशीचे पैसे

शनिवार-रविवारच्या सकाळी सभासदांच्या. पाहुण्याने मंगळवार ते शुक्रवारच मागावा. सोमवारी देखभालीसाठी मैदान बंद ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. १८ होलला चार-साडेचार तास लागतात. डिसेंबरात सहाला अंधार पडतो, म्हणजे दुपारी एकनंतरचा टी-टाइम घेतला तर शेवटचे होल हुकणार. अशा वेळी ९ होलचेच शुल्क भरा.

दर विचारताना नुसते "किती पडतील?" विचारू नका. ग्रीन फी म्हणजे मैदानावर खेळण्याचे शुल्क, जीएसटी, कॅडी म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, गाडी म्हणजे बग्गी, भाड्याच्या काठ्या आणि रेंजचे बॉल, प्रत्येकाचा आकडा वेगळा विचारा. ग्रीन फी पाहून ठरवतो आणि बिल दीडपट होते, असे पुष्कळांचे झाले आहे. कॅडीचे पैसे बहुधा त्याच्याच हातात रोख द्यायचे असतात. सुटे घेऊन जा. आपल्या मैदानांवरचे कॅडी हे या खेळाचे खरे जाणकार आहेत. एकदा मी ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर, बराच वेळ वाकून उतार बघत होतो. कॅडीदादा मागे उभे होते, म्हणाले, "साहेब, डोळ्यांनी डावीकडं दिसतंय, पण गवत उजवीकडं ओढतंय. पाय ठेवून बघा." पाय ठेवला, तर तळव्याला उतार कळला. त्यांच्या मोबदल्यात घासाघीस करू नये.

कॉलरचा शर्ट, साधी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स, गोल्फचे मऊ खिळ्यांचे बूट. जीन्स, गोल गळ्याचा टी-शर्ट, चप्पल नको. बॅगेत १४ पेक्षा जास्त काठ्या ठेवता येत नाहीत. आणि एक कमी लोकांना माहीत असलेला कागद: गोल्फरचा विमा. सर्वसाधारण विमा कंपन्या तो देतात, आपल्या बॉलने दुसऱ्याला इजा झाली तर त्या दायित्वासाठी आणि काठ्यांच्या नुकसानीसाठी. वारंवार खेळणाऱ्याने तो जरूर काढावा.

शेवटी मैदानाची निवड

दोन दारे उघडी असतील तेव्हाच हा प्रश्न येतो. गुडघे दुखत असतील तर सपाटीचे मैदान घ्या, कारण १८ होलमध्ये सात-आठ किलोमीटर चालणे सहज होते. डोंगरउतारावर खेळणार असाल तर गाडीचे पैसे गृहीत धरा. फटका लांब पण वाकडा जात असेल तर झाडांच्या मैदानावर बॉल जास्त हरवतील. २०१९ पासून बॉल शोधायला तीनच मिनिटे मिळतात. जून ते सप्टेंबर शहराच्या पश्चिमेला पाऊस जास्त, गाड्या गवतावर नेऊ देत नाहीत, म्हणून निघण्याआधी सकाळी फोन करून मैदान सुरू आहे का विचारा. अगदी पुढची, म्हणजे खळग्याच्या सर्वांत जवळची, टी घ्यायला संकोच करू नका. नवख्याने तिथूनच मारावे.

खेळ संपल्यावर आधी स्कोअरकार्ड पूर्ण करा, कँटीन नंतर. प्रत्येक होलचा आकडा मार्करशी ताडून पाहा, तारीख आणि टीचा रंग लिहा, दोघांच्या सह्या करा, मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच दिवशी ते कार्ड पेटीत टाका किंवा ॲपवर भरा.