परिचर्या महाविद्यालयाचे निधी संकलन आणि देणगीदार संबंध (कोकण)

परिचर्या महाविद्यालयाच्या (रोजच्या बोलण्यात नर्सिंग कॉलेजच्या) गरजांसाठी समाजाकडून पैसा, वस्तू किंवा जमीन मिळवायची आणि देणाऱ्याशी जुळलेला संबंध पुढे वर्षानुवर्षे सांभाळायचा, असे हे दुहेरी काम आहे. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी वेगळे कार्यालय आणि पूर्णवेळ प्रमुख असतो. कोकणपट्टीत मात्र ते बहुतेक ठिकाणी संस्थेच्या सचिवावर, बँकेतून निवृत्त झालेल्या एखाद्या विश्वस्तावर नाहीतर थेट प्राचार्यांवर येऊन पडते. तेही मान्यतेच्या तपासणीची तारीख जवळ आली की.

कोकणातली बी.एस्सी. नर्सिंगची बहुतेक महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला (स्थापना १९९८) संलग्न आहेत. एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसविका) आणि जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका) हे पदविका स्तरावरचे अभ्यासक्रम महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे येतात. स्वतःचे विद्यापीठ पाठीशी असलेली महाविद्यालये मुंबई-नवी मुंबईच्या टोकाला एकवटली आहेत. तिथे देणगीदार विद्यापीठाच्या नावावर येतो आणि परिचर्येला त्यातला वाटा मिळतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या विश्वस्त संस्थेला स्वतः दारोदार जावे लागते, आणि रुग्णालय व महाविद्यालय एकाच संस्थेचे असले तर देणगीचा ओघ रुग्णालयाकडे जातो. डायलिसिसचे यंत्र, रुग्णवाहिका, शस्त्रक्रियागृह यांना देणगीदार लवकर मिळतो. त्या यंत्रापाशी रात्रभर उभी राहणारी मुलगी कुठे शिकली, हा प्रश्न देणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. तो आणून देणे हेच निधी संकलन प्रमुखाचे पहिले काम.

पूर्वपीठिका

आधुनिक परिचर्या शिक्षणाचा पायाच मुळी वर्गणीवर घातला गेला. क्रिमियाच्या युद्धातल्या सेवेबद्दल फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने १८५५ मध्ये लंडनला निधी सुरू झाला. सैनिकांनीही त्यात एकेक दिवसाचा पगार घातला. सुमारे ४५,००० पौंड जमले आणि त्यातून १८६० मध्ये सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उघडली. मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने (१९०९) विधवा आणि गरजू स्त्रियांसाठी परिचर्येची वाट खुली केली. हे सगळे सरकारी तिजोरीच्या बाहेरून आलेल्या पैशावर उभे राहिले.

कोकणापुरते बोलायचे तर या कलेचा मूळपुरुष महर्षी धोंडो केशव कर्वे यांनाच म्हणावे लागेल. खेड तालुक्यातल्या शेरवलीत जन्मलेल्या आणि दापोलीजवळच्या मुरुडात वाढलेल्या कर्व्यांनी स्त्रीशिक्षणाच्या कार्याला हात घालण्याआधीच ‘मुरुड फंड’ काढला होता. बाहेरगावी कमावणाऱ्या मुरुडकरांनी मिळकतीतला लहानसा हिस्सा गावासाठी द्यावा, अशी ती योजना. पुढच्या काळात मुंबईत जी शेकडो ग्रामस्थ मंडळे निघाली, त्यांचे बीज तिच्यात दिसते. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. याच विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय मुंबईत १९६४ पासून चालू आहे. इतकी मोठी देणगी पदरात पडल्यावरही कर्वे थांबले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ मध्ये, ते संस्थेची माहिती देत आणि निधी जमवत युरोप, अमेरिका, जपान फिरले आणि नंतर आफ्रिकेलाही गेले. एका मोठ्या देणगीवर वर्षानुवर्षे विसंबून राहणाऱ्या आजच्या विश्वस्त मंडळांना हा प्रवास गैरसोयीचा वाटेल.

परदेशात आता परिचर्येसाठी स्वतंत्रपणे प्रचंड देणग्या येतात. मूर प्रतिष्ठानाने २००७ मध्ये १० कोटी डॉलर देऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत परिचर्या विद्यालय उभे केले. २०२२ मध्ये लिओनार्ड लॉडर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयाला १२.५ कोटी डॉलर दिले. त्यातला मोठा भाग विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी ठेवलेला आहे, ही गोष्ट कोकणाच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी.

देणारे कोण

कोकणी माणूस हात आखडतो हा समज खोटा आहे. मनीऑर्डरवर चालणाऱ्या या मुलखात देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, पाखाडी (दगडी पायवाट) हे सारे वर्गणीतूनच झालेले आहे. मात्र देणारा जे डोळ्यांना दिसेल त्यासाठी देतो, आणि परिचर्या महाविद्यालयाची निकड नेमकी न दिसणाऱ्या गोष्टींची असते.

मुंबईचा चाकरमानी हा जुना आणि भरवशाचा देणगीदार. त्याची गाठ पडते ती गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्याच्या सुट्टीत. १२ मे हा जागतिक परिचारिका दिन नेमका आंब्याच्या ऐन हंगामात येतो. त्या दिवशीचा दीपप्रज्वलन आणि शपथविधीचा कार्यक्रम गावी आलेल्या मंडळींना दाखवण्यासारखा असतो, पण बहुतेक महाविद्यालये तो आपल्याच चार भिंतींत उरकतात. गणपतीत मात्र कुणाच्या दारात पावतीपुस्तक घेऊन जाऊ नये. दर्शन घ्यावे, प्रसाद घ्यावा, संस्थेचा विषय यजमानाने काढला तरच बोलावे. पैशाचे बोलणे पुढे मुंबईत, मंडळाच्या बैठकीत होते.

मंडणगड, दापोली, खेड, श्रीवर्धन या पट्ट्यातली अनेक कुटुंबे आखातातल्या नोकऱ्यांवर उभी आहेत. त्यांच्याशी बोलताना दोन गोष्टी आधी विचाराव्या लागतात. पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने बँकेमार्फत पाठवलेले पैसे ‘विदेशी योगदान’ धरले जात नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे धरले जातात. त्यासाठी विदेशी योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० खालची नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. दुसरी गोष्ट, दाता मुस्लिम असेल तर रक्कम जकातीची, म्हणजे धर्माने सांगितलेल्या दानाची, आहे का? जकात गरजू व्यक्तीच्या हाती पोचली पाहिजे, ती बांधकामात घालता येत नाही, असे बहुसंख्य उलेमा (धर्मपंडित) मानतात. म्हणून ती वसतिगृहाच्या भिंतीसाठी मागण्याऐवजी त्यात राहणाऱ्या गरजू मुलीच्या खर्चासाठी मागावी आणि हिशेबही तसाच वेगळा ठेवावा.

जयगड, लोटे परशुराम, महाड, रोहे, थळ, उरण इथल्या उद्योगांकडून कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ खालचा सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी मिळू शकतो. कायद्याच्या निकषात बसणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम त्यावर खर्चावी लागते आणि त्यात कारखान्याच्या परिसराला प्राधान्य असते. हा पैसा प्रकल्पाला बांधलेला असतो. तीन-चार वर्षांत प्रकल्प संपला की पैसाही थांबतो, म्हणून अध्यापकाचा पगार त्यावर ठेवणे जोखमीचे.

नाट्यप्रयोगाच्या देणगी प्रवेशिका आणि जाहिरातींनी भरलेली स्मरणिका हे जुने मार्ग अजून चालतात. मेहनतीच्या मानाने त्यांतून हाती थोडे लागते.

काय मागावे

२०२१-२२ पासून बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सत्र पद्धतीने चालतो आणि त्यात कौशल्य प्रयोगशाळेतल्या सरावाला मोठी जागा आहे. सलाईन लावणे, प्रसूती, नवजात बाळाला श्वास देणे हे सगळे आधी पुतळ्यावर करायचे आणि मग रुग्णावर. असे पुतळे महाग असतात, रबराची कातडी वारंवार टोचून फाटते, कोकणातल्या दमट हवेत तिला बुरशी धरते, आणि सुट्या भागांसाठी मुंबई-पुण्याच्या पुरवठादाराकडे हेलपाटे घालावे लागतात. देणगीदाराला पुतळा द्यायला आवडते, कारण त्यावर नावाची पट्टी लावता येते. त्याच्या बदली कातडीसाठी कुणी देत नाही. अनुभवी प्रमुख म्हणून पुतळ्याची किंमत सांगतानाच पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम त्यात धरतो आणि एकच आकडा मागतो.

शिष्यवृत्तीचे गणितही बदलले आहे. राज्य शासनाच्या २०२४ च्या निर्णयाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या पात्र मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले. तरीही खानावळ, वसतिगृह, गणवेश, पुस्तके आणि समुदाय आरोग्याच्या फेऱ्यांसाठी एसटीचे भाडे हे उरतेच. गुहागर किंवा वैभववाडीच्या आतल्या वाडीतली मुलगी शिक्षण सोडते ती बहुधा या उरलेल्या खर्चापायी. ‘एका मुलीची खानावळ’ ही मागणी ‘शैक्षणिक मदत’पेक्षा देणाऱ्याला पटकन कळते.

कायम निधी ही सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात अवघड मागणी. १० लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ७०,००० येतात. त्यात दोन-तीन मुलींची सोय होते, मुद्दल जागेवर राहते. मात्र ही रक्कम कायम निधीसाठीच आहे, असे देणगीदाराचे लेखी पत्र हवे. पत्र नसेल तर ती त्या वर्षाचे उत्पन्न धरली जाते आणि उत्पन्नाचा ८५ टक्के विनियोग करण्याच्या आयकराच्या नियमात अडकते.

जमिनीचे दान

कोकणात पैशाच्या आधी जमीन पुढे केली जाते. ‘रस्त्याला लागून दोन एकर आहे, कॉलेज काढा’ असे कुणीतरी सभेत उठून सांगतो आणि टाळ्या पडतात. नंतर सातबारा काढावा तर त्यावर पंधरा-वीस नावे, त्यांतली निम्मी वारलेली, वारसनोंद झालेली नाही, एक बहीण बडोद्याला, इतर हक्कात कुळाचे नाव. सामाईक जमिनीत एकट्याला फार तर आपला अविभक्त हिस्सा देता येतो, ठरावीक तुकडा नाही. बक्षीसपत्र नोंदवल्याशिवाय दान पुरे होत नाही. संस्था शेतकरी नसल्यामुळे शेतजमीन घेताना कूळकायद्याची परवानगी, पुढे बिनशेती, आणि समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध. दात्याच्या सत्काराची शाल विकत घेण्याआधी तलाठ्याकडे जावे, हे बरे.

पावती आणि कायदा

न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असावा लागतो. देणगीवर दात्याला मिळणारी आयकराची सवलत ८०जी या जुन्या कलमाच्या नावाने सर्वांना ठाऊक आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर अधिनियम लागू होऊन कलमांचे क्रमांक बदलले, तरी लोक ‘ऐंशी-जी आहे ना?’ असेच विचारतात. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट मिळत नाही. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून संस्थेने देणगीदारांचे विवरणपत्र (१०बीडी) ३१ मेपर्यंत भरून प्रत्येकाला १०बीई प्रमाणपत्र द्यायचे, अशी पद्धत पडली. पॅन चुकला की दात्याची वजावट अडते आणि दोष संस्थेवर येतो.

गुप्तदानाची इथे वेगळीच गोची आहे. देवळाच्या पेटीत नाव न सांगता टाकायची सवय असलेला माणूस कॉलेजातही पाकीट ठेवून जातो. पण शैक्षणिक संस्थेला आलेल्या निनावी देणग्या, १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्या वर गेल्या, की त्यांवर ३० टक्के कर बसवलेला आहे. उपाय सोपा आहे. नाव-पत्ता वहीत लिहून घ्यायचा, फलकावर आणि अहवालात ‘एक हितचिंतक’ छापायचे.

प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलीच्या पालकाकडून काहीही घेऊ नये. कॅपिटेशन शुल्कावर, म्हणजे प्रवेशाच्या बदल्यात घेतलेल्या पैशावर, राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. प्रवेशाच्या हंगामात आलेला खरा हितचिंतकही प्रवेश पुरे होईपर्यंत थांबवावा.

संबंध टिकवणे

पावती, आभारपत्र आणि वर्षाचा हिशेब या तीन गोष्टी वेळेवर गेल्या तर निम्मे काम झाले. संगमरवरी फलकावरचे नाव दोनदा तपासावे. ‘कै.’ कुणाच्या नावाआधी लागले आणि कुणाच्या राहिले यावरून घराणी दुरावतात. वर्धापनदिनी मोठ्या देणगीदाराला शाल-श्रीफळ आणि दरमहा ५०० देणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला मागच्या रांगेतली खुर्ची, हे सर्रास दिसते. दहा वर्षांची बेरीज केली तर तीही मोठी देणगीदारच ठरते. वॉर्डातल्या रुग्णाचे छायाचित्र आभारपत्रात छापू नये, लाभार्थी मुलीचेही तिची संमती असेल तरच छापावे. तिने स्वतः लिहिलेले चार ओळींचे पत्र छायाचित्रापेक्षा जास्त पोचते.

जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पूर आला तेव्हा मदतीचा ओघ लागला, तसा त्याआधी जून २०२० च्या निसर्ग वादळातही लागला होता. आपत्तीसाठी आलेला पैसा त्याच कारणासाठी खर्चावा लागतो. उरलेली रक्कम महाविद्यालयाकडे वळवायची असेल तर दात्याची लेखी संमती घ्यावी.

माजी विद्यार्थिनी हा या सगळ्यात दुर्लक्षित राहिलेला वर्ग. डॉक्टर झालेल्या मुलाकडे संस्था लगेच जाते. मुंबईच्या पालिका रुग्णालयात सिस्टर इनचार्ज झालेली किंवा आखातात नोकरी करणारी मुलगी मात्र देऊ शकेल असे कुणाला वाटत नाही. तिला मागितले की ती देते, कारण वसतिगृहातल्या पाण्याची टंचाई तिने भोगलेली असते. अडचण पत्त्याची आहे. लग्नानंतर आडनाव आणि गाव दोन्ही बदलतात आणि कॉलेजच्या नोंदवहीत माहेरचेच नाव राहते. यादी माहेरच्या नावाबरोबर महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणी क्रमांकावर ठेवली तर माग लागतो. त्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना निरंतर शिक्षणाचे गुणांक लागतात, आणि त्यासाठीची कार्यशाळा महाविद्यालयाने घेतली तर जुन्या तुकड्या आपण होऊन परत येतात.