सर्व्हर-साइड प्रोग्रामिंगचे प्राथमिक शिक्षण

ब्राउझरकडून आलेल्या विनंतीनुसार सर्व्हरवर त्या क्षणी पान तयार करून देणारे प्रोग्राम लिहिणे म्हणजे सर्व्हर-साइड प्रोग्रामिंग. स्थिर संकेतस्थळात एचटीएमएल या पाने लिहिण्याच्या भाषेतली फाईल डिस्कवर जशी असते तशीच वाचकाकडे जाते. डायनॅमिक संकेतस्थळात मात्र वाचकाने काय शोधले, तो कोण आहे आणि डेटाबेसमध्ये सध्या कोणत्या नोंदी आहेत, यांवरून पान दर वेळी नव्याने घडते. रेल्वेच्या आरक्षणाची स्थिती, परीक्षेचा निकाल, सातबारा उतारा ही त्याची रोजच्या वापरातली उदाहरणे होत. पायथन, जावा, सी-शार्प, नोडवर चालणारी जावास्क्रिप्ट यांपैकी कोणत्याही भाषेतून हा विषय शिकता येतो. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची त्याच्याशी पहिली ओळख मात्र बहुधा पीएचपी या भाषेतून होते. राज्याच्या बारावी विज्ञान शाखेच्या माहिती तंत्रज्ञान विषयात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक पदविका अभ्यासक्रमातही ती शिकवली जाते. पुढील विवेचन म्हणूनच पीएचपीच्या आधाराने केले आहे.

पूर्वपीठिका : 1993 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात कॉमन गेटवे इंटरफेस, म्हणजे सीजीआय, ही पद्धत आकाराला आली. तीत सर्व्हर आलेली विनंती दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामच्या हवाली करी आणि त्या प्रोग्रामने छापलेला मजकूर ब्राउझरला पाठवी. असे प्रोग्राम बहुतेक पर्ल किंवा सी भाषेत लिहीत. प्रत्येक विनंतीला नवी प्रक्रिया सुरू करावी लागे, शिवाय पानाचे सारे एचटीएमएल प्रोग्रामच्या पोटात ओळीओळीने छापावे लागे. ग्रीनलंडमध्ये जन्मलेले डॅनिश-कॅनेडियन प्रोग्रामर रासमुस लेरदॉर्फ यांनी 1994 मध्ये आपल्या वैयक्तिक पानाच्या भेटींची नोंद ठेवण्यासाठी सी भाषेत काही छोटी साधने लिहिली आणि 8 जून 1995 रोजी ती 'पर्सनल होम पेज टूल्स', म्हणजे पीएचपी टूल्स, या नावाने सर्वांसाठी खुली केली. पुढे इस्रायलमधील झेव्ह सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी पीएचपीचा गाभा नव्याने लिहिला. त्यातून 1998 मध्ये पीएचपी 3 आणि 2000 मध्ये झेंड इंजिन या नव्या गाभ्यावर चालणारी पीएचपी 4 बाहेर पडली. पीएचपीने सीजीआयची मांडणी उलटी केली : एचटीएमएलच्या पानातच प्रोग्रामचे तुकडे पेरायचे, उरलेले पान जसेच्या तसे जाऊ द्यायचे. ज्याला एचटीएमएल येते त्याला एवढ्यानेच निम्मे अंतर कापल्यासारखे होते. वर्डप्रेस आणि विकिपीडियाचे मीडियाविकी हे सॉफ्टवेअर पीएचपीतच लिहिलेले आहे. मराठी विकिपीडियाही त्यावरच चालतो.

प्रोग्राम चालतो कोठे : या विषयातली खरी अडचण भाषेच्या व्याकरणात नसते. चल, अट, आवर्तन, फंक्शन हे सारे सी शिकलेल्या विद्यार्थ्याला ओळखीचे असते. आपण लिहिलेली ओळ कोणत्या यंत्रावर आणि केव्हा चालते, हे लक्षात यायला वेळ लागतो. घरच्या किंवा प्रयोगशाळेतील संगणकावर झॅम्प, म्हणजे सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र देणारा संच, बसवला की सर्व्हर आणि ब्राउझर एकाच यंत्रावर येतात, त्यामुळे हा घोळ आणखी वाढतो. नवशिका झॅम्पच्या पाने ठेवायच्या 'एचटीडॉक्स' फोल्डरमधल्या फाईलवर दोनदा क्लिक करतो आणि ब्राउझरमध्ये पानाऐवजी प्रोग्रामचा कच्चा मजकूर दिसतो. कारण ती फाईल थेट डिस्कवरून उघडली. झॅम्पमधल्या अपाचे या सर्व्हरपर्यंत विनंती गेलीच नाही. पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट', म्हणजे हाच संगणक, असे लिहून तीच फाईल मागितली की पान उमटते. त्यानंतर ब्राउझरमधून पानाचा स्रोत उघडून पाहावा : पीएचपीची एकही ओळ तेथे सापडत नाही, केवळ तिने छापलेले एचटीएमएल दिसते.

याच मुद्द्यावरचा दुसरा प्रयोग घड्याळाचा आहे. पानावर एकदा पीएचपीने आणि एकदा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टने वेळ छापायची. पुण्यात सकाळी 10 वाजता जावास्क्रिप्ट 10 दाखवते, तर पीएचपी साडेचार दाखवू शकते. कारण कालक्षेत्र ठरवून दिलेले नसेल तर ती जागतिक प्रमाणवेळ धरते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. पान उघडे ठेवून मिनिटभर थांबले तरी पीएचपीची वेळ पुढे सरकत नाही. पान पाठवताच तिचे काम संपलेले असते. हे दोन प्रयोग व्याख्यानाच्या तासाभरापेक्षा अधिक शिकवतात, असे म्हणायला हरकत नाही.

फॉर्म आणि डेटाबेस : अभ्यासाचा मुख्य भाग फॉर्मपासून सुरू होतो. एखाद्या वाचनालयाच्या पुस्तकयादीचे उदाहरण घेतले, तर वाचक शोधपेटीत शीर्षकाचा भाग टंकतो, ब्राउझर तो 'गेट' पद्धतीने पत्त्याला जोडून पाठवतो, पीएचपी तो उचलून मायएसक्यूएल या डेटाबेसकडे प्रश्न (क्वेरी) पाठवते आणि आलेल्या प्रत्येक नोंदीसाठी तक्त्याची एक ओळ छापते. शोधासाठी गेट आणि नोंद बदलण्यासाठी मजकूर पत्त्यात न दाखवता पाठवणारी 'पोस्ट' पद्धत, हा संकेत येथेच अंगवळणी पडावा. पेटी रिकामी ठेवून बटण दाबले तर काय होईल, हा प्रश्न विद्यार्थ्याला आवर्जून विचारावा. भाग जुळवून शोधणारी अट रिकाम्या मजकुराशी सगळीच शीर्षके जुळवते आणि अख्खी यादी समोर येते. नवीन पुस्तक नोंदवून झाल्यावर वाचकाने पान ताजे केले की तेच पुस्तक पुन्हा नोंदले जाते, हाही नेहमीचा अनुभव आहे. नोंद होताच प्रतिसादात दुसऱ्या पानाचा पत्ता देऊन ब्राउझरला तिकडे वळवणे हा त्यावरचा रूढ उपाय होय.

आलेला मजकूर प्रश्नाच्या वाक्यात सरळ चिकटवणे हा आरंभीच्या प्रोग्रामांतला सर्वांत घातक दोष आहे. वाचकाने शीर्षकाऐवजी एक अवतरणचिन्ह टंकून ते वाक्य मध्येच बंद केले आणि पुढे 'किंवा एक बरोबर एक' अशा अर्थाची अट जोडली, तर प्रश्नाचा अर्थच बदलतो. लॉगिनच्या पानावर अशाच युक्तीने पासवर्डाविना प्रवेश मिळू शकतो. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेवरून याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. प्रश्नाचा साचा आधी डेटाबेसला देऊन मजकूर वेगळा पाठवणे, म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरणे, हा त्यावरचा इलाज आहे. पीएचपीत त्यासाठी पीडीओ आणि मायएसक्यूएलआय हे दोन मार्ग आहेत. 'मायएसक्यूएल' या उपसर्गाची जुनी फंक्शने 2015 च्या पीएचपी 7 मधून काढून टाकली आहेत. तरीही झेरॉक्सच्या दुकानातून पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या नोट्समध्ये ती असतात आणि तो प्रोग्राम आज पहिल्याच ओळीवर थांबतो. इंजेक्शन शेवटच्या प्रकरणात स्वतंत्रपणे शिकवण्याची प्रथा चुकीची वाटते : पहिला प्रश्न लिहितानाच साचा वापरला, तर वाईट सवय लागतच नाही. बाहेरून आलेला मजकूर पानावर छापताना त्यातील एचटीएमएलची चिन्हे निष्प्रभ करणे आणि पासवर्ड मूळ रूपात न ठेवता त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही असे रूप, ठेवणे, यांनाही हेच लागू आहे. हॅशसाठी 2013 च्या पीएचपी 5.5 पासून भाषेतच सोय आहे.

विस्मरण आणि सेशन : ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या दृष्टीने प्रत्येक विनंती नवी असते, मागच्या पानावर लॉगिन केलेला वाचक आणि या पानाचा वाचक एकच आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. मागच्या विनंतीत ठेवलेले चलही पुढच्या विनंतीत उरत नाही. या कामासाठी नेटस्केप या ब्राउझर कंपनीतील लू माँटुली यांनी 1994 मध्ये आणलेली कुकी, म्हणजे ब्राउझरने जपून दर विनंतीबरोबर परत पाठवायची छोटी नोंद, वापरतात. पीएचपीच्या सेशनमध्ये वाचकाची माहिती सर्व्हरवरच राहते आणि ब्राउझरकडे केवळ एक लांब, अंदाज न येणारा क्रमांक कुकीतून जातो. मांडणीत काही बदल केला नसेल तर 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटे, न वापरलेली सेशनची माहिती काढून टाकण्यास पात्र ठरते; लांबलचक अर्ज भरताना मध्येच बाहेर फेकले जाण्यामागे अशीच एखादी मर्यादा असते. कुकी प्रतिसादाच्या शीर्षभागातून जात असल्याने पान छापायला सुरुवात होण्यापूर्वीच सेशन सुरू करावे लागते. फाईलच्या आरंभी चुकून राहिलेली एक रिकामी ओळही त्यात अडथळा आणू शकते, आणि ती नजरेला दिसत नसल्याने शोधण्यात बराच वेळ जातो.

मराठी मजकूर : इंग्रजीतील उदाहरणे चालवून पाहणाऱ्याला जी गोष्ट कधी खटकणार नाही, ती मराठी शीर्षके भरताच समोर येते. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. त्यामुळे 'मराठी' या शब्दाची लांबी पीएचपीचे साधे फंक्शन 15 सांगते, बहुबाइटी फंक्शन 5 सांगते, आणि अक्षरगट मोजणारे फंक्शन 3 सांगते; वाचकाच्या दृष्टीने तिसरे उत्तर बरोबर. साध्या फंक्शनने शीर्षक दहा बाइटवर कापले तर शेवटचे चिन्ह मोडून तेथे चौकट किंवा प्रश्नचिन्ह उमटते. फाईल, डेटाबेसची जोडणी आणि तक्ता या तिन्ही ठिकाणी एकच संकेतन हवे. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी 'यूटीएफ8एमबी4' निवडावे. शोधाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. 'दुसऱ्या' यातील अर्धा र दोन निरनिराळ्या प्रकारे टंकता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साठवलेली चिन्हे वेगळी असल्याने ते शोधात जुळतीलच असे नाही. नोंद साठवताना आणि शोधताना मजकूर एकाच रूपात आणणे हाच त्यावरचा भरवशाचा मार्ग आहे.

प्रत्यक्ष सर्व्हरवर नेणे : स्वतःच्या संगणकावर चाललेले संकेतस्थळ भाड्याच्या सर्व्हरवर चढवताना नव्या अडचणी निघतात. विंडोजवर फाईलच्या नावातील इंग्रजी लहानमोठ्या अक्षरांचा फरक धरला जात नाही, बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात त्या लिनक्सवर धरला जातो. घरी नीट उघडणारे पान तेथे 404, म्हणजे पान सापडले नाही असा संदेश, देते ते बहुधा याचमुळे. शिकताना चुकांचे संदेश पडद्यावर दिसणे आवश्यक असते, पण सार्वजनिक संकेतस्थळावर तेच संदेश फाईलींचे मार्ग आणि तक्त्यांची नावे परक्यांना सांगतात, म्हणून ते पडद्यावर बंद करून लॉगच्या फाईलीत वळवतात. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाईलही सर्व्हर ज्या फोल्डरमधून पाने देतो त्याच्या बाहेर ठेवतात.