पहिल्या पावसानंतर मुंग्यांच्या राणीचा शोध

घरी मुंग्यांची वसाहत पाळायला राणी मिळवायची म्हणून वारुळात कुदळ घालणारा बहुधा रिकाम्या हाती परततो. मोठ्या काळ्या मुंगळ्यांची राणी मुळांच्या आधाराने खोल दालनात राहते. खणताना ती चिरडते किंवा आणखी आत पळते, आणि ती गेली की नवी अंडी थांबून सगळे वारूळ हळूहळू ओसाड पडते. शिवाय गोव्यात आपण जिला रोयण म्हणतो, सातेरी देवीच्या रूपात जिची पूजा करतो, ती मुंग्यांची नव्हेच. ते वाळवीचे घर. तिच्यावर पावसात उगवणारी अळमी, म्हणजे भूछत्रेसुद्धा, वाळवीनेच जोपासलेल्या बुरशीची फळे असतात.

राणी आपणहून बाहेर येते, तेही वर्षातल्या मोजक्याच वेळी. एका जातीच्या अनेक वारुळांतून पंखवाल्या तरुण राण्या आणि नर एकाच सुमारास उडतात. मीलनानंतर राणी जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख मोडून टाकते आणि फट शोधू लागते. यांतल्या बहुतेक राण्या पाली, पक्षी आणि इतर मुंग्यांच्या तोंडी जातात. म्हणून या टप्प्यावर एखादी उचलली तर कोणाचे वारूळ उजाड होत नाही.

मे महिन्याच्या अखेरचे वळवाचे पाऊस आणि जूनचा पहिला पंधरवडा हा हमखास काळ. पाऊस पडून गेला आहे, वारा थांबला आहे, हवा दमट आणि उबदार आहे, अशी संध्याकाळ सोडू नये. संततधारेत मात्र चकरा वाया जातात. मुंगळे तिन्हीसांजेच्या सुमारास उडतात आणि दिव्याकडे ओढले जातात. त्यामुळे आधी बाल्कनीतल्या आणि रस्त्याच्या पांढऱ्या दिव्यांखाली पाहावे. दुसऱ्या दिवशी पहाटे, कावळे-साळुंक्या उतरण्याआधी, चिऱ्यांच्या गडग्याचा पायथा, कुळागराकडे जाणारी पायवाट आणि सड्याची कड बघावी. मोले, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई, बोंडला ही संरक्षित क्षेत्रे आहेत. तिथून मुंगीही उचलू नये. आपले अंगण पुरेसे असते.

दिव्याखाली जमणाऱ्या गर्दीत बहुतांश वाळवी असते. तिचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. नर मुंगा सडपातळ, लहान डोक्याचा असतो आणि मीलनानंतर थोड्याच काळात मरतो. राणीची छाती मात्र फुगीर असते, कारण उडण्याचे स्नायू तिथे भरलेले असतात. पंख गळलेले असतील तर छातीच्या दोन्ही बाजूंना त्यांचे वण भिंगातून दिसतात. कधीकधी दिव्यावर सॉसेजसारखे लांब, तपकिरी, केसाळ पोट असलेला धटिंगण आदळतो. तो गांधीलमाशीसारखा वाटला तरी डोरायलस मुंगीचा नर असतो. त्या जातीच्या राणीला पंखच नसतात, ती जमिनीखालीच राहते.

मुंग्यांचा एक गट नवशिक्यांना फार चकवतो. अंगावर बारीक रेघा असलेल्या, करड्या-काळ्या, एकेकट्या फिरणाऱ्या डायाकामा मुंग्या गोव्यात सहज दिसतात, पण त्यांना राणीच नसते. कामकऱ्यांपैकीच एक मुंगी अंडी घालते. या गटातल्या बहुतेक जातींत ती नव्याने जन्मलेल्या बहिणींच्या छातीवरचे इवलेसे कोंब कुरतडून टाकते, आणि मग त्या मीलन करू शकत नाहीत. काजू-आंब्यावर पाने जोडून घरटे करणाऱ्या लाल मुंग्यांची, म्हणजे हुमल्यांची, राणी हिरवट रंगाची असते. ती पानांच्या आडोशाने सापडते, पण झाडाशिवाय तिची वसाहत सांभाळणे कठीण. सुरुवात मुंगळ्यांपासूनच करावी.

साधारण 15 सेंटिमीटर लांब, 16 मिलिमीटर व्यासाची काचेची परीक्षानळी घ्या. तळाशी 5 सेंटिमीटर पाणी, त्यावर कापसाचा बोळा. बोळा पाण्याला टेकला पाहिजे, मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये. ऊन लागले की ती हवा फुगते, पाणी पुढे ढकलते आणि राणी बुडते. सैल बोळ्यातूनही पाणी झिरपते. राणीला चिमट्याने धरू नका. नळीचे तोंड तिच्यासमोर धरा, मागून गवताच्या काडीने हळूच लोटा. तोंडाला कोरडा कापूस लावून नळी कपाटात अंधारात ठेवा.

मुंगळ्याची राणी या काळात काहीच खात नाही. निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू विरघळवून ती स्वतः जगते आणि पिल्लांनाही भरवते. तिला साखर देण्याचा मोह बुरशीला आमंत्रण देतो. त्याहून मोठी चूक म्हणजे रोज नळी उचलून बघणे. हादरे आणि उजेड यांनी बिथरलेली राणी आपलीच अंडी खाते. आठवड्यातून एकदा, लाल उजेडात, मिनिटभर पाहणे पुरे. सुमारे महिना-दीड महिन्याने पहिल्या कामकरी मुंग्या येतात. त्या नेहमीपेक्षा लहान असतात, त्यात बिघाड काही नाही. अंड्यांतून नुसते नरच निघाले, तर राणीचे मीलन झालेले नव्हते. मुंग्यांत फलन न झालेल्या अंड्यांतून नर जन्मतात.

कामकरी आल्यावर एक भाग साखर आणि तीन भाग पाणी यांचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब द्या. सोबत नुकताच मारलेला डास किंवा नाकतोड्याचा तुकडा. फवारणीने मेलेले झुरळ कधीच देऊ नका, तेवढे विष छोट्या वसाहतीला संपवायला पुरते. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी काढा. गोव्याच्या दमट हवेत बोळा लवकर काळा पडतो. तसे झाले की नवी भरलेली नळी जुनीच्या तोंडाला तोंड लावून जोडा, नवी कागदाने झाका आणि जुनीवर उजेड येऊ द्या. दोन-चार दिवसांत राणी पिल्लांसह आपणच घर बदलते.