बारा शब्दांची किल्ली

गेल्या रविवारी भाची घरी आली ती रडवेली होऊनच. हिंजवडीहून येताना बसमध्ये तिचा फोन चोरीला गेला आणि त्यातल्या वॉलेट ॲपमध्ये तिने वर्षभर साठवलेले थोडे बिटकॉइन होते. "मामा, फोनबरोबर तेही गेले ना?"

नाही गेले. बिटकॉइन फोनमध्ये नसतातच. कोणाचे किती, ही नोंद जगभरातल्या हजारो संगणकांवर ठेवलेल्या एका सामाईक खातेवहीत असते. वॉलेट सांभाळते ती फक्त व्यवहारावर सही करायची गुप्त किल्ली, आणि ती किल्ली बारा इंग्रजी शब्दांतून पुन्हा घडवता येते. भाचीकडे ते शब्द कागदावर होते. दुसऱ्या फोनवर ते घातले, शिल्लक दिसली. मग लगेच नवी किल्ली तयार करून सगळी रक्कम तिकडे हलवली, कारण जुनी किल्ली चोराच्या हातातल्या फोनमध्ये होतीच.

हे बारा शब्द येतात कुठून? बीआयपी-३९ या मानकात २०४८ शब्दांची ठरलेली यादी आहे. २०४८ म्हणजे २ चा ११ वा घात. म्हणून नाणं अकरा वेळा उडवा, छापा म्हणजे १ आणि काटा म्हणजे ० धरा, की यादीतला एक शब्द मिळतो. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन रुपयांचं नाणं घेऊन भाचीला हेच करून दाखवलं. अकरा शब्दांना १२१ वेळा, बाराव्यासाठी आणखी सात, एकूण १२८. बाराव्या शब्दाचे उरलेले चार बिट, म्हणजे ० किंवा १ हे अंक, नाण्याने ठरत नाहीत. ते आधीच्या १२८ बिटांवर एसएचए-२५६ ही ठरलेली गणिती क्रिया करून काढतात, म्हणजे लिहिताना चूक झाली तर वॉलेट बहुतेक वेळा ती पकडते.

१२८ वेळा उडवलेल्या नाण्याच्या शक्यता ३४ वर ३७ शून्यं, इतक्या होतात. सेकंदाला एक अब्ज तपासल्या तरी विश्वाच्या वयाच्या सुमारे ७८,००० कोटी पट काळ लागेल. एरवी ही नाणेफेक वॉलेटच आतल्या आत करतं. पण ही सगळी ताकद नाणं खरोखर उडवलं असेल तरच! २०२३ मध्ये लिबबिटकॉइन या बिटकॉइन सॉफ्टवेअरच्या एका साधनात दोष सापडला: शब्द वरवर नेहमीसारखेच दिसत, पण त्यांच्यामागे फक्त ३२ बिटांचं यादृच्छिक बीज होतं, जणू नाणं ३२ वेळाच उडवलेलं. म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. त्याच वेगाने ते काम साडेचार सेकंदांत आटोपतं. लोकांचे पैसे खरोखर चोरीला गेले.

म्हणून वॉलेट निवडताना माझा पहिला प्रश्न हाच: नाणं कसं उडवलं जातं, हे कोणाला तपासता येतं का? ज्याचा कोड खुला आहे, ज्याची बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासणी केली आहे आणि जे प्रमाणित शब्दयादी वापरतं, तेच घ्या. 'लष्करी दर्जाची सुरक्षा' या जाहिरातीतून यातलं काहीच कळत नाही. शुभ अंक किंवा जन्मतारखेवरून स्वतः शब्द निवडणं तर त्याहून घातक, कारण माणसाच्या मनात येणारी निवड यादृच्छिक नसते. अंकशास्त्राने किल्ली बळकट होत नाही, तिचा अंदाज बांधणं तेवढं सोपं होतं.

शब्दांचा क्रम उलटसुलट करून कागद बिनधास्त ठेवणारेही भेटतात. बारा वेगळ्या शब्दांचे क्रम ४७ कोटी ९० लाख, आणि चार तपासणी बिटांमुळे त्यातले साधारण तीन कोटीच वैध. संगणकाला हे काहीच नाही. स्क्रीनशॉट तर घेऊच नका, तो आपोआप क्लाउडवर जाऊ शकतो. हे शब्द ॲप पुन्हा बसवताना त्याच ॲपमध्ये घालायचे असतात. मदत करतो म्हणून फोनवर ते विचारणारा माणूस चोर आहे असं समजा.

भाचीने नवे शब्द पेनने दोन कागदांवर उतरवले. एक तिच्या कपाटात आहे, दुसरा पाकिटात बंद करून साताऱ्याला ताईकडे पाठवला.